मोटार देव्हाऱ्यात बसवू नका

दसरा आला की मोटारीच्या नाकावर झेंडूची माळ चढते, चाकाखाली लिंबू जाते, बॉनेटवर हळदीकुंकू सांडते. गाडी नवी आहे तोवर हा भक्तिभाव उतू जात असतो. ती पंधरा वर्षांची झाली की तेच घर एकमुखाने म्हणू लागते, "घाला भंगारात." त्यातूनही एखादी चिवट निघाली आणि कुणाच्या गोठ्यात कडब्याआड पन्नाशीपर्यंत टिकून राहिली, तर शहरातला एखादा शौकीन माणूस तिला हुडकीत येतो, लाखो रुपये खर्चून तिला मढवतो, आणि मग पुन्हा माळा! आधी देव, शेवटी देव आणि मधली पस्तीस वर्षे उकिरडा. वाचकहो, माझे भांडण आहे ते या मधल्या पस्तीस वर्षांसाठी.

मी पुसेगावचा. पुसेगाव म्हटले की लोकांना सातारा जिल्ह्यातले सेवागिरी महाराजांचे पुसेगाव आठवते. ते नव्हे. माझे हिंगोली जिल्ह्यातले, सेनगाव तालुक्यातले, सोयाबीन-तुरीचे. आमच्याकडे जुनी मोटार म्हणजे रोल्स रॉइस नव्हे, की कुठल्या संस्थानिकाची पॅकार्डही नव्हे. आमच्याकडे जुनी मोटार म्हणजे जीप. महिंद्रा कंपनीने १९४७ पासून अमेरिकेच्या विलीज जीपचे सुटे भाग आणून जोडायला आरंभ केला, पुढे ती इथेच तयार होऊ लागली, आणि काळ्या मातीच्या चिखलातून वाट काढणारे चारचाकी वाहन म्हणजे आमच्या भागात कितीतरी वर्षे तेवढेच होते. पहिल्यांदा ती साहेबाची, मग पुढाऱ्याची, मग लिलावात शेतकऱ्याची, आणि शेवटी काळी-पिवळी होऊन बाजाराला जाणाऱ्या दहा-पंधरा माणसांची व दोन बोकडांची. इतक्या दारांनी फिरलेली ही बाई. तिच्या अंगावर मूळचे लुगडे शोधणे हीच मुळी क्रूर थट्टा आहे.

डॉक्टर-वकिलांच्या दारात फियाट असे. वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये काढलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ती बने. १९५० च्या दशकातल्या तिच्या गोलमटोल रूपाला लोकांनी 'डुक्कर फियाट' असे नाव दिले. त्यात तुच्छता नव्हती, लाडच होता. तिचीच धाकटी लेक म्हणजे पद्मिनी. तिचे उत्पादन २००० च्या सुमारास थांबले. मुंबईत नोंदलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ची. टॅक्सीला वीस वर्षांची मुदत असते, म्हणून ३० ऑक्टोबर २०२३ रोजी तिने रस्त्याचा निरोप घेतला. त्या आठवड्यात हळहळीचे लेख पुष्कळ आले. पण बनवणाराच हात काढून बसला असता ही टॅक्सी एवढी वर्षे चालली कशी? ती चालली कुर्ल्याच्या जुन्या सुट्या भागांच्या बाजारावर, लेथवर कातून काढलेल्या बुशांवर, आणि रस्त्याकडेला गाडीखाली आडव्या झालेल्या मिस्त्र्यांवर. श्रद्धांजली गाडीला मिळाली.

आता या मिस्त्र्यांच्या कामाला नाक मुरडणारे जे लोक आहेत, त्यांना मी 'ओरिजिनलवाले' म्हणतो. त्यांचा धर्म असा की गाडीचा प्रत्येक नट कारखान्यातून निघाला तसाच पाहिजे. डायनमो काढून ऑल्टरनेटर बसवला की गाडी बाटली. सहा व्होल्टची वायरिंग काढून बारा व्होल्टची केली की तिचे सोवळे मोडले. मी त्यांना एकच गोष्ट विचारतो. विलीज कंपनीला १९५३ मध्ये जीपमध्ये नवे इंजिन घालायचे होते. त्याचे आत घेणारे व्हॉल्व्ह वर बसत, त्यामुळे ते इंजिन उंच झाले आणि जुन्या बॉनेटखाली मावेना. कंपनीने काय केले? बॉनेट उंच केले आणि गाडी विकायला काढली. उंच कपाळाची ती सीजे-थ्री-बी जीप आपल्याकडे गावोगाव फिरली. म्हणजे कारखान्याने जुगाड केला तर ते मॉडेल, आणि आमच्या मिस्त्र्याने केला तर ते पाप!

पण म्हणून दुसऱ्या टोकाच्या लोकांची मी पाठराखण करतो असे समजू नका. ओरिजिनलवाले निदान गाडीवर प्रेम तरी करतात. हे दुसरे लोक जुनी जीप घेतात आणि तिला हाथरुंद टायर, कपाळावर आठ दिवे, गर्भार गाय बुजेल असा हॉर्न आणि मागे पुढाऱ्याचे चित्र लावून तिचा तमाशा करतात. रंगावर साठ-सत्तर हजार जातात, आणि ब्रेक पाहावा तर पाय थेट पत्र्याला टेकतो.

या ब्रेकबद्दल थोडे सविस्तर बोललेच पाहिजे, कारण दिवाळीत याच गाड्यांतून लेकीबाळी माहेरी येतात. जुन्या जीपमध्ये आणि जुन्या फियाटमध्ये ब्रेकचा मास्टर सिलिंडर एकच आणि चारही चाकांना जाणारी तेलाची वाटही एकच असते. त्यातली कुठलीही एक रबरी वाटी फाटली, एक नळी फुटली, की चारही चाकांचे ब्रेक एकदम जातात. आजच्या गाड्यांत ही वाट दोन भागांत विभागलेली असते. एक गेली तरी दुसरी हात देते. तेव्हा ज्याला थोड्या पैशांत जुनी गाडी उभी करायची आहे, त्याने पहिला रुपया मास्टर सिलिंडर आणि चाकांमधल्या सिलिंडरांवर घालावा. जमल्यास दोन वाटांचा मास्टर सिलिंडर बसवून घ्यावा. दुसरा रुपया स्टिअरिंगच्या सांध्यांवर व किंग-पिनवर, तिसरा टायरवर, चौथा वायरिंगवर. जुन्या कापडी वायरी उंदरांनी खाल्लेल्या असतात आणि मोटारीला आग लागते ती बहुतेक तिथूनच. इंजिनाची पाळी यानंतर. पुष्कळदा इंजिनाला बोअर करण्याची गरजच नसते. व्हॉल्व्ह घासून, रेडिएटर उकळून साफ करून, कार्ब्युरेटर उघडून ते सुतासारखे चालते. आणि रंग? रंग सगळ्यात शेवटी. पैसे उरले तर. नाही उरले तर लाल ऑक्साइड मारा आणि खुशाल फिरा.

गरिबीची चैन म्हणून मी हे सांगत नाही. पैसे थोडे असले म्हणजे माणूस नेमके विचारतो, हे काम कशासाठी? ज्याच्याकडे पैसे उतू जातात त्याला हा प्रश्न पडत नाही, म्हणून त्याच्या गाडीचे क्रोम झळकते आणि गाडी वर्षातून एकदा, संचलनाच्या दिवशी, ट्रकवरून आणावी लागते.

आमच्या सरकारची अभिरुची दुर्दैवाने याच ट्रकवाल्या शौकिनांची आहे. जुलै २०२१ मध्ये केंद्राने 'व्हिंटेज' मोटारींचे नियम केले. गाडी पन्नास वर्षांहून जुनी हवी. चासी, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरबदल नको. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये. आणि एवढे करून ती रोजच्या वापराला काढता येत नाही. प्रदर्शन, संचलन, पेट्रोल भरणे, दुरुस्तीला नेणे, इतकेच. देव वर्षातून एकदा पालखीत बसतो, तसे! जी गाडी रोज शेतावर जाते, जिचे इंजिन एकदा बदलले आहे, तिला या देवळात प्रवेश नाही. तिने साधी नोंदणी चालू ठेवावी. तिचीही फी वीस वर्षांवरच्या मोटारीला ऑगस्ट २०२५ मध्ये १०,००० रुपये झाली.

फेरबदलाचा कायदा तर याहून कडक. मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम सांगते की कारखान्याने ठरवून दिलेल्या तपशिलाविरुद्ध गाडीत बदल करू नये. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने दर बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद केली. चासी कापून गाडी लांब करणाऱ्याला हे योग्यच आहे. त्याच्या मागच्या बाकावर दुसऱ्याची पोरे बसतात. पण कायद्याला बदल दिसतो, बदलाचा गुण दिसत नाही. इंजिन त्याच जातीचे घातले तर परवानगी मिळू शकते. पण ते इंजिन बनणेच बंद झाले असेल तर गरिबाने ते आणावे कुठून?

सांगली जिल्ह्यात देवराष्ट्रे नावाचे गाव आहे, यशवंतराव चव्हाणांचे जन्मगाव. तिथले दत्तात्रय लोहार हे फॅब्रिकेशनचे छोटे काम करणारे गृहस्थ. त्यांनी मुलाच्या हौसेखातर भंगारातल्या जुन्या गाड्यांच्या भागांतून एक चिमुकली जीप बनवली. खर्च सुमारे साठ हजार. आणि सुरू करायची ती मोटारसायकलीसारखी पायाने किक मारून! डिसेंबर २०२१ मध्ये आनंद महिंद्रांनी तिचे मनापासून कौतुक केले. मात्र ही गाडी नियमांत बसत नाही, आज ना उद्या अधिकारी ती अडवतील, हेही त्यांनी सांगितले, आणि बदल्यात नवी बोलेरो देऊ केली. जानेवारी २०२२ मध्ये लोहारांना बोलेरो मिळाली. महिंद्रांचे औदार्य खरेच होते आणि लोहारांच्या घरी आनंद झाला तो मलाही झाला. तरी पाहा, शेवट काय झाला? जी हाताने घडली ती संग्रहात ठेवण्यासाठी गेली आणि जो घडवू शकतो त्याच्या हातात कारखान्याची किल्ली आली. त्या जीपचे ब्रेक लागतात की नाही, तिचे जोड किती भार सोसतात, हे तपासून तिला शेतरस्त्यापुरता तरी परवाना द्यावा, अशी खिडकी सामान्य माणसासाठी आपल्याकडे उघडी नाही.

ती खिडकी असू शकते. इंग्लंडमध्ये घरी बनवलेल्या मोटारीची एकेक करून तपासणी होते आणि उतरली तर तिला नंबर मिळतो. जर्मनीत तीस वर्षांच्या नीट राखलेल्या मोटारीच्या नंबराला 'एच' अक्षर जोडतात आणि ती रस्त्यावर चालते. इतर गाड्यांतले फेरबदलही तज्ज्ञ तपासून कागदावर चढवतो. क्युबाची गोष्ट तर सर्वांना ठाऊक आहे. १९६० नंतर अमेरिकेची मोटार आणि तिचे भाग येणे बंद झाले, तेव्हा हवानाच्या मिस्त्र्यांनी शेव्हरोलेच्या पोटात मिळेल ते इंजिन घातले, रशियन गाड्यांचीसुद्धा, आणि त्यांवर शहराची वाहतूक चालवली. जग आज त्या गाड्या पाहायला तिकीट काढून जाते.

इकडे नवे संकट पेट्रोलमधूनच आले आहे. वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल आता सर्वत्र मिळते. ऊसवाल्यांचे त्यात भले असेल, माझी तक्रार नाही. परंतु इथेनॉल पाणी ओढते, जुन्या टाकीतला गंज सोडवते आणि पूर्वीच्या रबरी नळ्या व कार्ब्युरेटरची वॉशर फुगवून सडवते. उपाय मोठा नाही. नळ्या आणि वॉशर इथेनॉलला टिकणारे घालायचे, टाकी आतून साफ करायची, मध्ये फिल्टर लावायचा. गाडी महिनोन्महिने उभी राहणार असेल तर टाकीत पेट्रोल ठेवायचे नाही. मात्र एवढे सांगणारा माणूस गावात असावा लागतो.

आणि मास्तर म्हणून माझे खरे दुखणे तिथेच आहे. जुन्या मोटारीचे बॉनेट उघडले की खालची जमीन दिसते. मुलाला बोटाने दाखवता येते: इथे पेट्रोल येते, इथे हवा मिसळते, इथे ठिणगी पडते. विज्ञानाच्या पुस्तकातले चित्र त्याच्यासमोर धडधडू लागते. नव्या मोटारीचे बॉनेट उघडले की काळे प्लॅस्टिकचे झाकण दिसते आणि तिचा रोग संगणकाला विचारावा लागतो. मी नव्या मोटारीचा वैरी नाही. ती कमी धूर सोडते आणि अपघातात माणूस वाचवते. पण जी विद्या डोळ्यांनी आणि पान्याने शिकता येत होती, ती आमच्या मिस्त्र्यांबरोबर सरणावर चालली आहे. बारा-तेरा नंबरचा पाना हातात धरून आवाजावरून टॅपेट ओळखणारी माणसे आता सत्तरीला आली. त्यांच्या हाताखाली पोरगे नाही. पूर्वी दहा वर्षांचे पोर शाळा सोडून गॅरेजात राबत असे, ते बंद झाले हे उत्तमच. ते पोर माझ्या वर्गात बसलेले मला हवे आहे. पण सोळा वर्षांच्या मुलाला आयटीआयमध्ये एक जुनी जीप खोलून पुन्हा जोडायला दिली तर काय बिघडेल? लिलावात निघणाऱ्या सरकारी जीपा भंगारवाल्याला किलोच्या भावाने देण्याऐवजी एकेक अशी द्या. वर्षाअखेर त्या मुलांनी ती चालवून दाखवावी, आरटीओच्या माणसाने ब्रेक तपासावा आणि पास असेल तर कागद हातात द्यावा.

तोवर ज्यांच्या गोठ्यात जीप उभी आहे त्यांनी या सुटीत तिच्यावरचा कडबा बाजूला करावा आणि कोणतेही काम धरण्याआधी मास्टर सिलिंडर उघडावा. आतली रबरी वाटी कडक झालेली असणारच. ती नांदेडला मिळते. जुनी वाटी नमुना म्हणून बरोबर न्या, नाहीतर दुकानदार फियाटची देईल.