तेल कंपन्यांनो, रंग बदलू नका, कात टाका!

गेल्या वैशाखात एका आप्ताकडील लग्नकार्यानिमित्त पालमला जाणे झाले. परभणी जिल्ह्यातील हे तालुक्याचे गाव. गावाला रेल्वे नाही. शेतमाल असो, रुग्ण असो वा विद्यार्थी, सर्वांची भिस्त रस्त्यावर. परतताना तालुक्यातीलच एका पेट्रोल पंपावर थांबलो. कोपऱ्यात प्लॅस्टिकने गुंडाळलेले पुरुषभर उंचीचे एक यंत्र उभे होते. विजेवर चालणारी मालवाहू रिक्षा घेऊन आलेला एक तरुण त्याच्याकडे आशेने पाहत होता. पंपावरचा मुलगा म्हणाला, "डबा बसवून गेले दादा, करंट काही अजून आला नाही." तरुण हसून उत्तरला, "मग काय डब्यालाच नमस्कार करू का?" आणि रिक्षा वळवून तो निघून गेला. मेव्हण्याच्या दुकानातून रात्री वायर ओढून तो आपली गाडी चार्ज करतो, असे नंतर कळले.

त्या तरुणाचा प्रश्न वरवर थट्टेचा असला तरी देशाच्या तेल कंपन्यांना विचारावा असा आहे. विजेची वाहने आली आहेत, येत आहेत. प्रश्न एवढाच, की आजवर पेट्रोल-डिझेल विकून मोठ्या झालेल्या कंपन्या या नव्या युगासाठी खरोखर सिद्ध होत आहेत, की केवळ डबे उभारून छायाचित्रे काढून घेत आहेत?

प्रथम कागदावरचे चित्र पाहू. २०२१ च्या अखेरीस इंडियन ऑइलने १० हजार, भारत पेट्रोलियमने ७ हजार आणि हिंदुस्तान पेट्रोलियमने ५ हजार चार्जिंग केंद्रे उभारण्याचे संकल्प सोडले. मार्च २०२३ मध्ये केंद्राच्या अवजड उद्योग मंत्रालयाने 'फेम-२' योजनेतून याच तीन कंपन्यांना ७,४३२ जलद चार्जिंग केंद्रांसाठी ८०० कोटी रुपये मंजूर केले व त्यातील ५६० कोटींचा पहिला हप्ताही दिला. संकल्प उत्तम, योजना स्तुत्य. परंतु त्यानंतरचाच एक आकडा याच्या शेजारी मांडून पाहावा. २०२३-२४ या आर्थिक वर्षात या तिन्ही कंपन्यांचा एकत्रित निव्वळ नफा सुमारे ८१ हजार कोटी रुपये होता. म्हणजे ज्यांच्या घरात एका वर्षात एवढे धान्य आले, त्यांना अंगणातला दिवा लावण्यासाठी शासनाच्या तिजोरीतून तेल घालावे लागले! मिळालेले अनुदान हे त्या एका वर्षाच्या नफ्याच्या शंभरावा हिस्सासुद्धा नाही. आदल्या वर्षी जागतिक बाजारात तेल भडकले असताना याच कंपन्यांनी भाव रोखून झळ सोसली, हिंदुस्तान पेट्रोलियमला तर तोटाही झाला, हे मान्य केलेच पाहिजे. ग्राहकासाठी सोसलेल्या त्या झळीबद्दल कृतज्ञता आहेच. म्हणून काय भविष्याची पेरणी उसनवारीवर करायची?

खरा पैसा कोठे जातो तेही पाहण्यासारखे आहे. मे २०२३ मध्ये भारत पेट्रोलियमने मध्य प्रदेशातील बीना येथील पेट्रोरसायन व शुद्धीकरण विस्तारासाठी ४९ हजार कोटी रुपयांचा प्रकल्प मंजूर केला. त्यामागचा हिशेब उघड आहे. उद्या गाड्यांना पेट्रोल नको झाले, तर खनिज तेलापासून प्लॅस्टिकचा कच्चा माल करावा. हा हिशेब चुकीचा नाही. तो मालही आज मोठ्या प्रमाणावर आयात होतो. मात्र त्यातून इतकेच सिद्ध होते, की या कंपन्यांना भविष्य दिसते आहे. दिसत असूनही पालमच्या पंपावर वीज पोचत नसेल, तर तो दोष दृष्टीचा नसून इच्छाशक्तीचा आहे.

पाश्चात्त्य कंपन्यांचे गोडवे गाणाऱ्या आपल्याकडील अर्थपंडितांनी येथे थोडे थांबावे. ब्रिटनच्या 'बीपी'ने २००० साली हिरवे-पिवळे सूर्यफूल बोधचिन्ह म्हणून मिरवत 'पेट्रोलियमच्या पलीकडे' जाण्याची घोषणा केली. २०२० साली तिने २०३० पर्यंत तेल व वायूचे उत्पादन ४० टक्क्यांनी घटवण्याचे जाहीर केले. तीनच वर्षांत ते उद्दिष्ट २५ टक्क्यांवर आले आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये तेही गुंडाळून कंपनीने तेल-वायूतील गुंतवणूक पुन्हा वाढवली. भागधारकांनी डोळे वटारले आणि सूर्यफुलाने मान फिरवली! सरड्याने रंग बदलावा तसा हा प्रकार. ज्याची निष्ठा केवळ लाभांशाशी, त्याच्याकडून वेगळी अपेक्षा करणेच भाबडेपणाचे.

आपल्या कंपन्यांची गोष्ट निराळी असली पाहिजे, कारण त्यांचा जन्मच निराळ्या हेतूने झाला आहे. मुंबईच्या माहुल-ट्रॉम्बे किनाऱ्यावरील तेलशुद्धीकरण कारखाने मूळचे परकीय कंपन्यांचे. १९७४ साली 'एस्सो' आणि १९७६ साली 'बर्मा शेल' राष्ट्राने ताब्यात घेतली; त्यांतूनच हिंदुस्तान पेट्रोलियम आणि भारत पेट्रोलियम उभ्या राहिल्या. देशाची ऊर्जा परक्यांच्या मुठीत राहू नये, हाच त्यामागचा विचार होता. मग आज विचारले पाहिजे, की ती मूठ सुटली का? आपण वापरतो त्या खनिज तेलातील ८५ टक्क्यांहून अधिक तेल आजही बाहेरून येते. २०२३-२४ या एका वर्षात त्यापायी १३० अब्ज डॉलरहून अधिक रक्कम देशाबाहेर गेली. कंपन्यांच्या नावात 'भारत' आणि 'हिंदुस्तान' आले. टाकीतले तेल मात्र परदेशीच राहिले.

यावर काही सुशिक्षित मंडळी विचारतात, "वीज तरी कोळशावरच होते ना?" आक्षेप योग्य आहे, पण अपुरा आहे. औष्णिक केंद्रांत जळणारा कोळसा बहुतांशी या भूमीतला आहे, आखातातला नाही. शिवाय मराठवाड्याचा अनुभव आणखी एक गोष्ट शिकवतो. २०१३ च्या दुष्काळात पाण्याअभावी परळीचे औष्णिक केंद्र बंद ठेवावे लागले होते. सौर विजेला तेवढे पाणी लागत नाही. आणि उन्हाची तर या प्रदेशात कधीच टंचाई नसते. 'मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी' योजनेतून शेतीपंपांना दिवसा सौर वीज देण्याचे काम राज्यात सुरू आहेच. जे ऊन शेतातला पंप चालवू शकते, ते रस्त्यावरच्या पंपाला का चालू नये? पंपाच्या छतावर सौर पट्ट्या, खाली साठवणुकीची बॅटरी आणि समोर चार्जिंगचे यंत्र, अशी रचना झाली तर भारनियमनाचे निमित्तही उरणार नाही.

मात्र एक धोका वेळीच ओळखला पाहिजे. तेलाची बेडी तोडताना बॅटरीची बेडी पायात अडकवून घ्यायची नाही. लिथियम बॅटरीचे सेल आज मुख्यतः चीनमधून येतात. एप्रिल २०२५ मध्ये चीनने दुर्मीळ मृदा मूलद्रव्ये व त्यांची चुंबके यांच्या निर्यातीवर निर्बंध घातले, तेव्हा पुण्याच्या बजाज ऑटोसारख्या मातब्बर उद्योगालाही विजेच्या वाहनांचे उत्पादन थांबण्याची भीती जाहीरपणे बोलून दाखवावी लागली. आखाताच्या दारातून उठून चीनच्या दारात जाऊन बसणे याला स्वावलंबन म्हणत नाहीत.

पर्याय नाहीत असेही नाही. इंडियन ऑइलने इस्रायलच्या 'फिनर्जी'समवेत ॲल्युमिनियमवर आधारित बॅटरीसाठी संयुक्त कंपनी स्थापन केली आहे. ॲल्युमिनियमचे खनिज आपल्या भूमीत विपुल आहे. पुण्याच्या 'केपीआयटी' कंपनीने तेथीलच 'आयसर' या विज्ञानसंस्थेच्या सहकार्याने विकसित केलेले सोडियम बॅटरीचे तंत्र डिसेंबर २०२३ मध्ये जगापुढे मांडले. सोडियम म्हणजे मिठातले मूलद्रव्य. ते कोणापुढे हात पसरून आणावे लागत नाही. अशा संशोधनाला हमखास मोठा ग्राहक हवा असतो. देशातील पेट्रोल पंपांची संख्या एक लाखाच्या घरात आहे आणि त्यांतील सुमारे नव्वद टक्के पंप याच तीन कंपन्यांचे आहेत. त्यांच्याहून मोठा ग्राहक कोठे शोधायचा?

तेव्हा मागण्या स्पष्ट असाव्यात. प्रत्येक तालुक्याच्या गावी किमान एक जलद चार्जिंग केंद्र या कंपन्यांनी स्वतःच्या नफ्यातून उभारावे. यशाचे मोजमाप किती डबे बसवले यावर न करता, महिन्याला किती युनिट वीज विकली गेली आणि यंत्र किती तास चालू होते यावर करावे, आणि ते आकडे तालुकानिहाय जाहीर करावेत. वीज विकण्यात पंपचालकाला रास्त वाटा द्यावा. ज्यात त्याचा लाभ नाही, ते यंत्र तो प्लॅस्टिकमध्येच गुंडाळून ठेवणार, हा मनुष्यस्वभाव आहे. आणि साठवणुकीच्या बॅटऱ्या घेताना स्वदेशी तंत्राला पहिली पसंती द्यावी, पहिली काही वर्षे ते थोडे महाग पडले तरीही.

एवढे सांगून वाचकांची सुटका होत नाही. १९०८ साली तळेगावला पैसा फंडाचा काच कारखाना उभा राहिला, तो अंताजी दामोदर काळे यांनी सामान्य माणसाकडून एकेक पैसा गोळा केला म्हणून. स्वदेशी उद्योग उभा करण्याचे काम तेव्हाच्या समाजाने सरकारवर सोडून दिले नव्हते. आज आपल्याला पैसाही मागितला जात नाही. मागितली जाते ती जागरूकता. आपापल्या गावातील पंपावर जाऊन पाहा. डबा आहे का? त्यात वीज आहे का? नसेल, तर अडले कोठे, पंपाशी, कंपनीशी की महावितरणशी? लेखी विचारा, तारीख घालून विचारा, उत्तर येईपर्यंत विचारा. ग्राहक पंचायतीच्या कार्यकर्त्यांनी हे काम तालुकावार हाती घेतले, तर सहा महिन्यांत चित्र पालटू लागेल.

सर्प कात टाकतो तेव्हा त्याला वेदना होत असतील. पण जुन्या कातीत तो वाढू शकत नाही. आपल्या तेल कंपन्यांपुढे आज तीच घडी आली आहे. पालमचा तो तरुण पुन्हा त्या पंपावर येईल तेव्हा त्याला नमस्कार करण्यासाठी डबा नको, गाडी पुढे नेण्यासाठी वीज हवी. ती या मातीतली, या उन्हातली असावी, एवढाच आपला आग्रह आहे.