खुराक म्हशीला, पथ्य बाळंतिणीला

म्हैस व्याली की शेतकरी खुराकात हात आखडत नाही. पेंड, चुणी, गूळ व हिरवी वैरण यांची तजवीज तो आधीच करून ठेवतो. कारण खुराक तुटल्यास जनावर अंगावरचे मांस झिजवून दूध देते, हे त्यास अनुभवाने ठाऊक असते. त्याच घरातील बाळंतिणीला मात्र पुष्कळदा पालेभाजी, फळे व डाळ 'बाधतात' म्हणून वर्ज्य ठरतात. गोठ्यात कळणारी गोष्ट माजघरात कळू नये, हे उचित नव्हे.

अंगावर पाजणारी माता पहिल्या सहा महिन्यांत दिवसाला सुमारे पाऊण लिटर दूध देते. त्यासाठी तिला नेहमीपेक्षा रोज सुमारे ६०० उष्मांक व १७ ग्रॅम प्रथिने अधिक मिळावीत, अशी भारतीय वैद्यक संशोधन परिषदेची २०२० ची शिफारस आहे. आहार अपुरा असला तरी दूध सहसा लगेच आटत नाही, आणि येथेच घरच्यांची फसगत होते. दूध चालू राहते, माता मात्र खंगत जाते. अ व ब जीवनसत्त्वे तिच्या आहारात नसतील तर ती दुधातही कमी उतरतात व बालकाची वाढ खुंटू शकते. अशा वेळी बाटलीचे दूध सुरू करणे हा उपाय नव्हे. मूल जितके ओढते तितके दूध येते. म्हणून मुलाला पाजावे आणि मातेला पोटभर खाऊ घालावे.

डिंकाचे व अळिवाचे लाडू ही रीत चांगलीच आहे. परंतु लाडू महिना-दीड महिन्यात संपतात. पाजणे पुढे कितीतरी महिने चालते. खरा आधार रोजच्या ताटाचा. नाचणीची भाकरी, डाळ, उसळ, शेवग्याचा पाला, ताक व चालत असल्यास अंडे, यांत दुर्मिळ असे काहीच नाही. परसात शेवगा, पपई व पालेभाजीचे दोन वाफे सांडपाण्यावरही होतात. तूर-मूग बाजारात नेण्यापूर्वी बाळंतिणीचा वाटा कणगीत राहिलाच पाहिजे.

प्रसूतीनंतर १८० दिवस लोहाच्या गोळ्या घेणे आवश्यक आहे. निंदणी-खुरपणीस तिला घाईने जुंपू नये.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी हा विषय केवळ बाळंतिणीस सांगून भागणार नाही. ताट वाढणारी सासू व धान्य विकणारा घरधनी यांच्यापुढे तो मांडावयास हवा. सर्वांची जेवणे उरकल्यावर उरलेले तिने खावे, ही चाल मोडली तर आई व मूल या दोघांचेही भले होईल.