पार्ट अडवला की मिस्त्री अडतो

युरोपातल्या स्वतंत्र घड्याळजींच्या महासंघानं २००४ मध्ये युरोपीय आयोगाकडे तक्रार केली. महागड्या स्विस घड्याळांच्या कंपन्या आम्हाला सुटे भाग विकत नाहीत, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. २००८ मध्ये आयोगानं ती फेटाळली, २०१० मध्ये न्यायालयानं आयोगाचा निर्णय रद्द केला, २०१४ मध्ये आयोगानं पुन्हा फेटाळली आणि २०१७ मध्ये न्यायालयानंही आयोगाचीच बाजू उचलून धरली. तेरा वर्षं गेली. या काळातच ओमेगा, लाँजिन, टिसॉट बनवणाऱ्या स्वॉच समूहानं २०१५ च्या अखेरीस पार्टांच्या घाऊक व्यापाऱ्यांचा पुरवठा बंद केला. आता कंपनीची मान्यता ज्याच्याकडे आणि कंपनी सांगेल ती महागडी यंत्रं ज्याच्या दुकानात, त्यालाच पार्ट. हयातभर भिंग डोळ्याला लावून बसलेल्या कारागिराला बॅलन्सचा दांडा मिळत नाही म्हणून दुरुस्त होण्यासारखं घड्याळ परत करावं लागतं.

वाशिम जिल्ह्यातल्या आमच्या रिठदच्या सोयाबीन-तुरीच्या शिवारात ओमेगा घालून कुणी डवऱ्यामागं जात नाही. पण एचएमटी आपल्या बापजाद्यांच्या मनगटावर होती. सिटिझन या जपानी कंपनीच्या मदतीनं १९६१ मध्ये बंगळुरूला तिचा कारखाना उभा राहिला. चावीची ‘जनता’ किंवा ‘पायलट’ बंद पडली तर तालुक्याचा घड्याळजी ती उघडायचा, साफ करायचा, पार्ट बदलून द्यायचा. घड्याळांची ही सरकारी कंपनी बंद करायला केंद्रानं २०१६ मध्ये मंजुरी दिली. तरीही कितीतरी ‘जनता’ आज चालतात, कारण पार्ट दुकानोदुकानी पोचले होते आणि एका मेलेल्या घड्याळाचं चाक दुसऱ्यात बसतं. कंपनी गेल्यावरही वस्तू जगते, ती अशा मोकळ्या पार्टांवर आणि शिकलेल्या हातांवर.

घड्याळाचं कुलूप आता आपल्या वाहनांना लागतंय, म्हणून हा विषय इथं मांडतो आहे. एप्रिल २०२० पासून नव्या मोटारसायकली बीएस-६ झाल्या. बहुतेकींतून कार्बोरेटर गेला, फ्युएल इंजेक्शन आलं. जानेवारी २०२३ पासून ५० एचपीवरच्या नव्या ट्रॅक्टरांनाही धुराचे कडक नियम लागले आणि त्यांच्या इंजिनांचा कारभार सेन्सर व कॉम्प्युटरकडे गेला. धूर कमी झाला, हे चांगलंच. पण इंजिन खोलून जोडणारा गावातला मिस्त्री स्कॅनरशिवाय आता दोष शोधू शकत नाही. कंपनीचा स्कॅनर आणि त्यातली माहिती अधिकृत सर्व्हिस सेंटरपुरती राहिली, तर मृगाच्या पावसावर पेरणी धरलेल्या शेतकऱ्यानं ट्रॅक्टर तिथंच न्यायचा आणि नंबर लागेपर्यंत वाफसा जाताना बघायचा.

भारतीय स्पर्धा आयोगानं ऑगस्ट २०१४ मध्ये १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला, तो याच वागणुकीबद्दल. सुटे भाग आणि दोष शोधण्याची साधनं बाहेरच्या गॅरेजांना मिळू द्या, असं आयोगानं बजावलं. कंपन्या कोर्टात गेल्या. पुढं केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, त्यात शेतीची अवजारंही घेतली आणि त्याच डिसेंबरात दुरुस्तीच्या माहितीचं पोर्टल सुरू केलं. पोर्टलवर यायचं की नाही, हे मात्र कंपनीच्या मर्जीवर. मर्जीवर सोडलेल्या गोष्टीला हक्क म्हणणं मला पटत नाही.

बाहेरचा माणूस काम बिघडवतो आणि नकली माल बसवतो, असं कंपन्या सांगतात. बिघडवणारे असतात, कबूल. पण अस्सल पार्ट काउंटरवर मिळाला तर नकली कोण घेईल? नकलीचा बाजार टंचाईवरच पोसतो. आणि पैसे मोजून घेतलेली वस्तू कुणाच्या हाती द्यायची, हे तिच्या मालकानं ठरवायचं असतं.

आपल्याकडे सरकारच्या हातात एक जोर आहे. ट्रॅक्टर आणि अवजारांवर राज्याच्या महाडीबीटीतून अनुदान जातं, म्हणजे कंपन्यांचा खप जनतेच्या पैशानं वाढतो. तेव्हा कृषी विभागानं अट घालावी: पार्ट, दुरुस्तीचं मॅन्युअल मराठीतून आणि स्कॅनर कोणत्याही मिस्त्रीला वाजवी दरात विकणाऱ्या कंपनीचंच यंत्र अनुदानाच्या यादीत राहील. आयटीआयच्या ट्रॅक्टर मेकॅनिकच्या वर्गातही तोच स्कॅनर द्यावा. यासाठी दिल्लीच्या कायद्याची वाट बघत बसण्याचं कारण नाही. वाशिमच्या आमदारांनी येत्या अधिवेशनात हा प्रश्न विचारावा.