टेरेसचा ऑगस्ट

नव्या फ्लॅटच्या ब्रोशरमधली टेरेस कायम उन्हात असते. दोन वेताच्या खुर्च्या, कॉफीचे मग, खाली छान निळसर-करडी दगडी फरशी. ऑगस्टमधली टेरेस कुठलाच बिल्डर छापत नाही. छापली, तर तिच्यावर हिरवी शाल पांघरलेली दिसेल आणि खुर्च्या आत, शू-रॅकशेजारी!

आमची टेरेस पुण्यात, फरशी शहाबादी. सध्या दगड परत फॅशनमध्ये आहे. टाइल्सचा कंटाळा आलेली आमची पिढी शहाबादी नाहीतर कोटा लावते आणि ‘नॅचरल लूक’ म्हणून खूश होते. पण लूक नॅचरल असला, की त्याचे नखरेही नॅचरलच असतात. शहाबादी येते कर्नाटकातल्या कलबुर्गी भागातून, कोटा राजस्थानातून. दोन्ही चुनखडीचे दगड. सांभाळण्यातलं ऐंशी टक्के शहाणपण या एका वाक्यात आहे, कारण चुनखडी आणि ॲसिडचं हाडवैर. उरलेल्या तुकड्यावर बाथरूमच्या ॲसिडचा थेंब टाकून बघा, सोड्यासारखा फसफसतो. ती फसफस म्हणजे तुमची फरशी विरघळतेय! लिंबू, व्हिनेगर, चिंच हीसुद्धा त्याच खानदानातली. सह्याद्रीच्या काळ्या पाषाणाला हा त्रास जवळपास नाही, म्हणून जुन्या वाड्यांच्या फरसबंदीचे दाखले आपल्या टेरेसला देऊ नयेत.

आणि तरी ॲसिड घरात येतंच. पझेशनच्या आधी सिमेंटचे डाग काढायला कॉन्ट्रॅक्टरची माणसं बिनदिक्कत ॲसिडनं फरशी धुतात. आमचीही धुतली होती. दिसायला चकाचक, पण वरचा गुळगुळीत थर खाल्ला गेलेला. अशा खरबरीत दगडात माती बसते, ओल बसते आणि पहिल्या पावसात शेवाळाची वस्ती होते. मग मावशी म्हणतात, “ताई, ॲसिड आणा, दोन मिनिटांत साफ करते.” झालं, चक्र सुरू.

यात गंमत वाटण्यासारखं काही नाही, हे आमच्याकडे 2023च्या जुलैत कळलं. सासूबाईंचं गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलेलं. टेरेसवर वीस फेऱ्या, असा त्यांचा नेम. एका सकाळी पाय सरकला. कठडा हाताला लागला म्हणून निभावलं, पण त्यानंतर दिवाळीपर्यंत त्यांनी दाराबाहेर पाऊल टाकलं नाही. “तुमची टेरेस तुम्हाला लखलाभ,” म्हणाल्या. चार महिने चालणं बंद म्हणजे त्या गुडघ्याचं काय होतं, ते फिजिओथेरपीवाल्यांना विचारा.

तेव्हापासून आमच्याकडे फरशीचं वर्ष एप्रिलमध्ये सुरू होतं. आधी उतार बघायचा. बादलीभर पाणी ओता. कुठे तळं साचलं तर शेवाळ तिथेच उगवणार. दहा फुटाला दीड इंच उतार असला तर पाणी निमूट जातं. सांधे उकलले असतील तर दर्जा भरून घ्या, नाहीतर खालच्या मजल्यावरचे काका छताला ओल आल्याचा फोटो पाठवतातच. आऊटलेटची जाळी साफ करा. आणि ते हिरवं प्लास्टिकचं गवत, प्लीज, जूनच्या आधी गुंडाळा! त्याच्याखाली ओल महिनोन् महिने सुकत नाही.

पावसात काम एकच, पण दर रविवारी. कडक नायलॉनचा ब्रश, पाणी आणि वीस मिनिटं. तारेचा ब्रश नको. चरे पडतात, आणि तुटलेल्या तारा गंजून डाग पडतात ते वेगळेच. शेवाळ हट्टी असेल तर एक भाग ब्लीच, दहा भाग पाणी, पंधरा मिनिटं ठेवून भरपूर पाण्यानं धुवा, कुंड्या बाजूला घेऊन. ब्लीच आणि ॲसिड मात्र चुकूनही एकत्र करू नका. त्यातून क्लोरीन वायू निघतो, तो थेट फुप्फुसावर जातो. मावशींनाही हे समजावून सांगा. बाटल्या त्यांच्याच हातात असतात.

आम्ही आणखी एक केलं. दारापासून कठड्यापर्यंत दोन फूट रुंद पट्ट्याला पाथरवटाकडून हलक्या हातानं टाकी मारून घेतली, जात्याला लावतात तशी. या पट्ट्याला ब्रश जरा जास्त लागतो, पण पाय धरून राहतो. आई भर पावसात नाही, पण उघडीप मिळाली की फेऱ्या मारतात. कधी दहा, कधी वीस.

दिवाळीत पणत्यांखाली ताटली ठेवा. तरीही तेल सांडलंच, तर खडूची पूड साध्या साबणाच्या पाण्यात कालवून डागावर थापा, वर प्लास्टिक, रात्रभर. एकदा करून भागत नाही, दोन-तीनदा करावं लागतं. कुंड्यांचे लोखंडी स्टँड रंगवून घ्या. गंजाचा डाग तेलापेक्षा चिवट.

सीलर लावायचा तर नोव्हेंबरनंतर, फरशी पूर्ण सुकल्यावर. दगडात मुरणारा घ्या. दुकानदार चकचकीत ‘वेट लूक’वाला पुढे करेल, तो पावसात निसरडा होतो, आणि खालून ओल आली की त्याचे पापुद्रे सुटतात. गरज आहे का, हे कळायला पाण्याचे चार थेंब पुरे. थेंब मोत्यासारखे उभे राहिले तर या वर्षी पैसे वाचले, पसरून दगड काळा पडला तर लावा.

राहिली धुळवड. पोरं टेरेसवर खेळणारच. त्याआधी फरशी पाण्यानं चिंब करून ठेवा. पाण्यानं भरलेला दगड रंग कमी पितो. आणि गुलाल वाळायच्या आत झाडू हातात घ्या.