कबुलायतीवरचा अंगठा

'विकत घेणे' हे क्रियापद मराठीत फार जुने आणि फार सरळ आहे. पैसे दिले, वस्तू घेतली, व्यवहार मिटला. वाडीवाल्याकडून नारळ आणला की तो देवापुढे फोडायचा, सोलकढीला किसायचा, की शेजारच्या वहिनींना द्यायचा, हे विचारायला वाडीवाला मागून येत नाही. उद्या त्याने वाडी मोडली आणि तो मुंबईला मुलाकडे राहायला गेला, तरी आपल्या फडताळातला नारळ उठून त्याच्या मागे चालू लागत नाही. याच साध्या गोष्टीला आपण मालकी म्हणत आलो. आम्ही मराठी शिकवणारी माणसे शब्दांच्या बाबतीत जरा हळवी असतो. म्हणून सांगावेसे वाटते की, या क्रियापदाचा अर्थ गेल्या वीसेक वर्षांत हळूच पालटला आहे आणि कोशकारांना त्याची खबर नाही.

पालटला तो संगणकावरच्या खेळांच्या बाजारात. अलिबाग, मुरूड, श्रीवर्धनकडची आमची पोरे भाऊबीजेची ओवाळणी साठवून इंटरनेटवरच्या दुकानातून खेळ 'विकत घेतात'. पैसे फोनवरून जातात, खेळ तारेतून येतो. पण बहुतेक खेळांबरोबर विक्रेता एक अदृश्य कुलूप लावून पाठवतो. त्याला डी.आर.एम. म्हणतात. किल्ली दुकानदाराकडेच राहते. खेळ उघडताना, निदान मधून मधून, यंत्र दुकानाला विचारून घेते, "हा गृहस्थ आपलाच ना?" दुकानाने मान डोलावली तर दार उघडायचे, नाहीतर पायरीवर बसून राहायचे. 3 जून 2020 रोजी निसर्ग वादळ आपल्या किनाऱ्यावर आदळले, सुपारीच्या बागा आडव्या झाल्या आणि गावेच्या गावे कित्येक दिवस विजेवाचून व फोनवाचून राहिली. अशा दिवसांत कुणी जनित्रावर संगणक चालू केलाच, तरी ज्या खेळाला दुकानाची मान डोललेली हवी, तो उघडणार कसा? घरातली, दाम मोजून आणलेली वस्तू; आणि तिची परवानगी समुद्रापलीकडे!

वर्गातल्या एका मुलाला मी विचारले, "अरे, घेताना त्यांनी काही अटी सांगितल्या असतील ना?" तो म्हणाला, "सर, असतात की. लांबलचक असतात. खाली 'मान्य आहे' लिहिलेलं असतं, त्यावर बोट ठेवायचं." वाचल्या होत्यास का, असे विचारून मी त्याला अडचणीत आणले नाही. 

या जिल्ह्यातल्या माणसाला हे बोट ठेवणे ओळखीचे वाटायला हवे. हा जिल्हा कुलाबा म्हणून ओळखला जाई तेव्हा येथे खोती होती. सरकारचा सारा खोत भरी, चिखल मात्र कूळ तुडवी. पिढ्यान्‌पिढ्या कसलेल्या जमिनीवर कुळाचे नाव नसे. खोताकडून कबुलायत लिहून येई, तिच्यावर कुळाचा अंगठा उमटे, आणि आत काय लिहिले आहे ते वाचू शकणारे माणूस त्या घरात बहुधा नसे. 1933 साली अलिबाग तालुक्यातल्या चरीच्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटलांच्या पुढारपणाखाली जमीन न कसण्याचा संप पुकारला, आणि उपासमार सोसून 1939 पर्यंत चालवला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1937 साली खोती नष्ट करण्याचे विधेयक मुंबईच्या कायदेमंडळात आणले. पुढे कुळकायदे झाले, 1949 च्या कायद्याने खोतीच गेली, आणि 1 एप्रिल 1957 हा कृषकदिन ठरवून त्या दिवशी कुळाने कसती जमीन 'विकत घेतली' असे कायद्याने मानले. बघा, तेच क्रियापद! येथे मात्र त्याला वजन होते.

कुणी म्हणेल, कुठे चरीच्या शेतकऱ्याची भाकरी आणि कुठे पोरांचे खेळ! आक्षेप रास्त आहे. भुकेची बरोबरी खेळाशी करण्याचा उद्धटपणा मला करायचा नाही. पण कागदाची रीत एकच आहे. लिहिणारा एक, अंगठा दुसऱ्याचा. आणि वस्तू वापरणाऱ्याच्या हाती असूनही हक्क लिहिणाऱ्याच्या दप्तरी. शिवाय ही रीत खेळांपुरती थांबलेली नाही. 2009 च्या जुलैत अमेरिकेत अॅमेझॉनने किंडलच्या ग्राहकांनी विकत घेतलेली दोन पुस्तके त्यांच्या यंत्रांतून परस्पर पुसून टाकली. विकणाऱ्याला ती विकण्याचा हक्क नव्हता, असे नंतर कळले. पैसे परत मिळाले, कंपनीच्या प्रमुखांनी माफीही मागितली. पुस्तके होती जॉर्ज ऑर्वेलची, त्यातले एक '1984'! खेळांचे पाहायचे तर युबिसॉफ्ट कंपनीचा 2014 साली निघालेला 'द क्रू' हा खेळ घ्या. 31 मार्च 2024 रोजी कंपनीने आपली यंत्रणा बंद केली, आणि तो खेळ एकट्याने खेळायचीही सोय उरली नाही.

दुकानदारांची बाजू अगदीच पोकळ आहे असे नाही. ते म्हणतात, कुलूप नसले तर एक जण घेईल आणि शंभर जण फुकट नेतील. ज्या समाजात नव्या मराठी पुस्तकाची पीडीएफ व्हॉट्सअॅपवर अभिमानाने फिरवली जाते, त्या समाजाने यावर फार आवाज चढवू नये. लेखकाचे आणि खेळ रचणाऱ्याचे पोट त्यावर आहे. पण गंमत अशी की, चोराच्या हाती पडणारी प्रत कुलूप फोडलेलीच असते. कुलपाचा जाच होतो तो पैसे मोजणाऱ्याला.

आता काही दुकाने बिनकुलपाचा माल विकतात. पोलंडमधले जीओजी हे त्यातले मोठे. 2008 पासून त्याने हा नेम सांगितला आहे. खेळाची पूर्ण प्रत उतरवून घ्या, जपून ठेवा, दुकानाला पुन्हा विचारू नका. पोरे विचारतात, या दुकानाचा भरवसा धरावा का? आजवरचा इतिहास बरा आहे, निर्मळ नाही. 2021 च्या सप्टेंबरात त्याने 'हिटमॅन' हा खेळ विक्रीला ठेवला. त्यातला बराच भाग इंटरनेटवाचून चालत नव्हता. गिऱ्हाइकांनी गिल्ला केला आणि ऑक्टोबरात तो खेळ मागे घेतला गेला. म्हणजे तिथे नेम राखला तो गिऱ्हाइकांच्या ओरडण्याने. 2025 च्या अखेरीस दुकानाची मालकीही बदलली. सीडी प्रोजेक्ट या कंपनीकडून ते तिच्याच एका संस्थापकाने, मिहाल किचिन्स्की यांनी घेतले. नेम चालूच राहील, असे आश्वासन मिळाले आहे. राहोही. खोतही काही भले असत. पण भल्या खोताचा मुलगा कसा निघेल, हे कुळाच्या हाती कधीच नव्हते.

म्हणून दुकानदाराच्या शीलाची चौकशी करण्यापेक्षा, दुकान उद्या बुडाले तर आपल्याकडे काय उरेल, हे विचारावे. याचा दाखला आपल्याच देशात आहे. फ्लिपकार्टने 2012 च्या फेब्रुवारीत 'फ्लाइट' नावाचे गाण्यांचे दुकान थाटले. गाणी बिनकुलपाची होती. 2013 च्या जूनमध्ये दुकान मोडले आणि घेतलेली गाणी उतरवून घ्यायला थोडी मुदत दिली गेली. ज्याने वेळीच उतरवून घेतली, त्याची गाणी आजही वाजतात. ज्याने 'दुकानातच असू देत, कुठे जातात' म्हटले, तो राहिला. त्याच फ्लिपकार्टने ई-पुस्तकेही विकली. ती मात्र त्यांच्याच साधनात वाचायची. 2015 च्या अखेरीस तेही दुकान मिटले आणि वाचकांना कोबो या परक्या दुकानाच्या दारी पाठवले गेले. घर एकच, पण गाणी घेणारा मालक ठरला आणि पुस्तके घेणारा कूळ.

कायदाही हळूहळू जागा होतो आहे. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यात 1 जानेवारी 2025 पासून असा कायदा लागू आहे की, नुसता परवाना देत असाल तर तसे स्पष्ट सांगा. त्याखेरीज 'विकत घ्या' हा शब्द वापरू नका. कायमची उतरवून घेता येईल आणि इंटरनेटवाचून चालेल अशी प्रत देणाऱ्यांना त्यातून सूट आहे. शब्दाला अर्थ परत देणारा हा कायदा आम्हा भाषेच्या माणसांना फार आवडला. आपल्याकडे तो येईल तेव्हा येईल. तोवर पोरांना माझे एवढेच सांगणे: कुलपाचा खेळ घ्यायचाच तर भाड्याचा समजून घ्या आणि भाड्याइतकेच पैसे द्या. बिनकुलपाचा घेतला, तर त्याच रात्री प्रत उतरवा, दुसरी प्रत निराळ्या ठिकाणी ठेवा. बिनकुलपाची वस्तू दुकानातच पडून राहिली, तर ती असून नसल्यासारखी.

का. र. मित्रांनी 1909 साली 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला. मराठीतला तो पहिला म्हणतात. मासिक कधीच बंद पडले. पण त्या अंकाची प्रत ज्या ग्रंथालयाच्या कपाटात असेल, ती आजही उघडून वाचता येते, मित्रांच्या वारसांची परवानगी न घेता. हा अंकही तुमच्या हाती आहे तसाच आहे. वाचून झाल्यावर शेजारी द्या, पावसाळ्यासाठी ठेवा, नाहीतर रद्दीत घाला. विकत घेतला आहे तुम्ही तो.