अनुदान कोणाच्या हातीं जावें?

दिवाळीच्या सुमारास आमच्या बीड जिल्ह्यांतील असंख्य कुटुंबें मुकादमाची उचल घेऊन ऊसतोडीस पश्चिम महाराष्ट्रांत व कर्नाटकांत जातात. त्यांच्यामागून मुलेंहि जातात आणि शाळेंतील बाकें रिकामीं पडतात. अशा जिल्ह्यांत तंत्रज्ञानाचे नवे उद्योग, म्हणजे हल्लींचे स्टार्टअप, काढण्यास सरकारनें जनतेचा पैसा द्यावा काय? आधीं पाणी व रस्ते नकोत काय? असें सुज्ञ पालकहि विचारतात. पाणी व रस्ते हवेतच. तथापि असें साह्य देणें न्यायाचें आहे, असें आमचें मत आहे.

याचें कारण असें. २०२३ सालीं ऊसतोडणी यंत्राच्या खरेदीस किमतीच्या ४० टक्के, कमाल ३५ लाख रुपये, अनुदान देण्याची योजना राज्य सरकारनें आखली. यंत्र येणें इष्टच आहे. कोयत्याचें काम कोणास सुखाचें नाहीं. पण यंत्र विकत घेणारास साह्य मिळावें आणि ज्याचा कोयता थांबला त्याच्या मुलास कांहींच मिळूं नये, हा कोठला न्याय? तें यंत्र दुरुस्त करणारे, त्याहून लहान व स्वस्त यंत्र घडविणारे तरुण याच जिल्ह्यांतून निघाले पाहिजेत. पुण्यामुंबईच्या तरुणास भांडवल पुरविणारा भेटूं शकतो. कोरडवाहू शेतकऱ्याचा मुलगा मात्र पहिल्याच अपयशांत बापाचें शेत गमावून बसतो. त्या पहिल्या नुकसानीचा कांहीं वांटा सरकारनें उचलावा, इतकेंच आमचें म्हणणें.

द्रव्याची तरतूद झाली नाहीं असें नाहीं. केंद्र सरकारनें २०२१ सालीं ९४५ कोटि रुपयांची बीजनिधि योजना काढली. तींत नवी कल्पना पडताळून पाहण्यास २० लाखांपर्यंत अनुदान ठेविलें. तेंहि काम दाखवील तसें, हप्त्यांनीं. ही शिस्त उत्तम होय. परंतु हें साह्य इन्क्युबेटर नांवाच्या संस्थांमार्फत देण्याची रीत आहे, आणि खेड्यांतील मुलास अशा संस्थेचा दरवाजा दूर पडतो. २०२५ सालीं टाटा टेक्नॉलॉजीजच्या सहकार्यानें बीड येथें नवसंशोधन व प्रशिक्षण केंद्र काढण्याचें ठरलें, तें म्हणूनच महत्त्वाचें आहे. अशा केंद्रानें केवळ नोकरीपुरतें शिक्षण देऊन न थांबतां नव्या उद्योगास जागा, हत्यारें आणि अनुदानाचा अर्ज करण्यास मदत द्यावी.

उचल माणसास बांधते. अनुदानानें त्यास मोकळें करावें. मात्र तें फुकटचें धन नव्हे. शुभवर्तमानांतील दृष्टांतांत धन्याचें द्रव्य जमिनींत पुरून ठेवणाऱ्या दासास दोष लागला; तें उधळून टाकणारासहि तो लागल्यावांचून राहणार नाहीं. विद्यार्थीमित्रहो, हिशेब चोख ठेवण्यास व हातानें काम करण्यास आजच शिका. आणि पालकहो, तुमचा मुलगा वा मुलगी सरकारी नोकरीवांचून दुसरी वाट धरूं पाहील, तर त्यांस अडवूं नका.