जंतू, विरजण आणि मराठीचा वर्ग

महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी उन्हाळ्याच्या सुट्टीत एकत्र येऊन एखाद्या जीवाणूला नवे काम शिकवावे, ही कल्पना आता नवी राहिलेली नाही. ठरावीक काम करणारे जनुकांचे तुकडे सुट्या भागांसारखे जोडून सजीव पेशीकडून हवे ते करवून घ्यावयाचे, हा संश्लेषी जीवशास्त्राचा उद्योग. २००३ च्या जानेवारीत अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत एका छोट्या अभ्यासक्रमाच्या रूपाने त्याची विद्यार्थी-शाखा सुरू झाली, २००४ च्या उन्हाळ्यात पाच संघांची स्पर्धा झाली, आणि 'आयजेम' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या स्पर्धेत आज जगभरातून शेकडो संघ उतरतात. २००६ मध्ये बंगळूरच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्राचा संघ तेथे होता; पुढे पुण्याच्या आयसरमधील विद्यार्थीही गेले. असा संघ उद्या नाशिकमध्ये उभा करावयाचा झाल्यास त्याची पहिली बैठक कोठे भरेल? अर्थातच जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत. आमचे म्हणणे असे की, त्या बैठकीला मराठीच्या वर्गातील दोन विद्यार्थी पहिल्या दिवसापासून हजर असले पाहिजेत, आणि तेही सभासद म्हणून.

हे ऐकून विज्ञानाचे प्राध्यापक हसतील आणि साहित्याचे प्राध्यापक संकोचतील, याची आम्हांला कल्पना आहे. परंतु नाशिकमधील एका जुन्या महाविद्यालयाच्या नावातच हं. प्रा. ठा. कला 'आणि' रा. य. क्ष. विज्ञान असा संयोग आहे. त्या 'आणि'चा अर्थ केवळ सामाईक वाहनतळ एवढाच घ्यावयाचा काय?

या बाबतीत एक उदाहरण मोलाचे आहे. २००९ मध्ये बंगळूरच्या सृष्टी या कला व अभिकल्पाच्या संस्थेतील विद्यार्थ्यांचा संघ या स्पर्धेत उतरला होता. त्यांनी ई. कोलाय जीवाणूकडून जिऑस्मिन तयार करवून घेण्याचा विषय निवडला. पहिल्या सरीनंतर मातीला जो वास येतो, त्यामागचे हे संयुग. निसर्गात ते मातीतले काही जीवाणू बनवतात. रोगनिदान, इंधन, प्रदूषण या नेहमीच्या वाटा सोडून 'वास' हा प्रश्न निवडण्याचे धाडस कलाशाखेने दाखविले. प्रश्न कोणता विचारावा, हे ठरविण्याचा अधिकार तांत्रिक ज्ञानाच्या मागोमाग आपोआप येत नाही, एवढे तरी यातून ध्यानात यावे.

आता नाशिकचा विचार करू. येथील संघाला द्राक्षे सुचणार, हे उघड आहे. २०१० मध्ये युरोपला गेलेल्या भारतीय द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढरोधकाचे अंश मर्यादेपेक्षा अधिक आढळले, माल नाकारला गेला आणि बागाईतदार हवालदिल झाले. अशा अंशाची चाहूल लागताच रंग बदलणारा जीवाणू बनवावा, हा विचार मनात येणे स्वाभाविक आहे. एडिंबरा विद्यापीठाच्या संघाने २००६ मध्ये पाण्यातील आर्सेनिकसाठी तसा प्रयत्न केलाच होता.

पण येथे पहिली अडचण पंचांगाची आहे. स्पर्धेचा 'उन्हाळा' म्हणजे जून ते ऑगस्ट, म्हणजे आपला पावसाळा. तेव्हा आपली महाविद्यालये सुरू झालेली असतात. आपल्या एप्रिल-मेमध्ये विद्यार्थी परीक्षेत आणि बागाईतदार खरड छाटणीत गुंतलेला असतो. जूनपासून संघ कामाला लागेल तेव्हा बहुतेक बागांत वेलीवर घड नसतो. ऑक्टोबरच्या छाटणीनंतर तो धरू लागेल तोवर संघाची निघण्याची वेळ झालेली असेल. म्हणून शेतकऱ्याचे म्हणणे ऐकावयाचे तर जानेवारी-फेब्रुवारीत, तोडणीच्या दिवसांत, बांधावर गेले पाहिजे. जैवसुरक्षा समितीची परवानगी आणि साहित्याची मागणी हीदेखील त्याच सुमारास. परदेशी वेळापत्रक जसेच्या तसे उचलले, तर ज्याच्यासाठी प्रयोग करावयाचा तो माणूसच प्रयोगातून गळतो.

दुसरी अडचण शब्दांची, आणि आम्हांला ती अधिक गंभीर वाटते. नाशिकचा शेतकरी 'कीटकनाशक फवारले' असे क्वचितच म्हणतो. तो 'औषध मारले' म्हणतो. ज्याला तो औषध म्हणतो, त्याला आपले यंत्र विष म्हणून हुडकून काढणार. हा विरोध न ओळखता काढलेली प्रश्नावली निरुपयोगी ठरेल. तिच्यात शेतकऱ्याला आरोप ऐकू येईल. तीच गोष्ट जीवाणूची. 'जनुके बदललेला जंतू' म्हटले की ऐकणारा दचकतो, कारण मराठीत जंतू म्हणजे रोग. उलट 'विरजणासारखेच हे' म्हटले की तो निर्धास्त होतो, कारण विरजण घरातले आहे. पहिला शब्द अकारण भीती घालतो, दुसरा अकारण भरवसा देतो. प्रयोगशाळेबाहेर न सोडावयाच्या जीवाणूसाठी या दोहोंच्या मधला प्रामाणिक शब्द शोधणे हे सजावटीचे काम नव्हे. संमती खरी की फसवी, हे त्यावर ठरते.

तिसरी गोष्ट रूपकाची. या शास्त्राची सारी परिभाषा अभियांत्रिकीतून आलेली आहे: भाग, मंडल, सांगाडा, यंत्र. रूपके उपयुक्त असतात, कारण ती काही दाखवितात. धोकादायक असतात, कारण काही झाकतात. यंत्राचा स्क्रू आपण होऊन बदलत नाही. पेशी मात्र वाढते, दुभंगते, आणि लादलेले जनुक ओझे ठरू लागले की ते टाकून देणारी तिची संतती हळूहळू बहुसंख्य होते. संघाचे अनेक आठवडे ज्या अपयशात जातात, त्यातील काही अपयश 'यंत्र' या शब्दावरील अतिविश्वासाचे असते. रूपक कोठे तुटते हे पाहण्याची सवय आपण कवितेच्या तासाला लावतो, असे आपण म्हणतो. मग ती सवय वर्गाबाहेर वापरावयास काय हरकत आहे?

आक्षेप असा येईल की साहित्याच्या विद्यार्थ्याला यातले विज्ञान कळणार नाही. पहिल्या महिन्यात कळणार नाही, हे मान्य. परंतु न कळणाऱ्याला समजावून सांगताना कळणाऱ्यालाही आपले अज्ञान सापडते. स्पर्धेतही समाजाशी केलेल्या संवादाचे मूल्यमापन होतेच. आमची भीती वेगळी आहे. मराठीच्या विद्यार्थ्याला शेवटच्या आठवड्यात बोलावून भित्तिपत्रकाचे भाषांतर सोपविले जाईल, आणि तोही ते मान खाली घालून करील. तसे झाले तर दोष विज्ञान शाखेचा जितका, तितकाच आपला. भाषा हा विचाराचा शेवटचा मुलामा आहे, असे आपणच आजवर वागून दाखविले आहे.

पुढच्या जानेवारीत कोणी असा संघ बांधणार असेल, तर त्याने मराठी विभागाचे दार ठोठवावे. आणि त्याने ते ठोठावले नाही, तर मराठी विभागाने जाऊन प्रयोगशाळेचे ठोठवावे.